राबणारी एक, नोंद दुसऱ्याची

कापसाच्या एका एकरात वर्षभरात कोण किती वेळा उतरतं, हे एकदा क्रमानं मांडून पाहावं. मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला की टोबणी. ओट्यात सरकी घेऊन बाया रांगेनं पुढे सरकतात. खुणेवर खड्डा, दोन दाणे, पायानं माती. आठ-दहा दिवसांत उगवण दिसली की जिथे नांग्या पडल्या तिथे पुन्हा बी. मग विरळणी. मग खुरपणी, आणि पाऊस लागून राहिला तर ती तीनदा-चारदा. बुडाशी खत. फवाऱ्याच्या दिवशी विहिरीवरून पाणी आणून टिपाडात ओतायचं. दसरा-दिवाळीला वेचणी सुरू होते, ती तीन-चार वेच्यांनी संक्रांतीच्या पुढेही चालते. शेवटी पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचायच्या. यातलं जवळपास प्रत्येक काम बाई करते. गड्याच्या वाट्याला नांगरट, पाळी, कोळपणी, फवारा, आणि शेवटी टेम्पोत बसून बाजार. बाजारातली काटापट्टी निघते ती त्याच्या नावावर.

वेचणी जवळून पाहिली की हे काम 'हलकं' का म्हणतात, हा प्रश्न पडतो. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते. उमललेल्या बोंडाच्या पाकळ्या वाळून टोकदार झालेल्या असतात. त्यांच्यातून कापूस असा ओढायचा की पाला-कचरा बरोबर येऊ नये, कारण कचरा आला की व्यापारी भाव पाडतो. पहिल्या तासाभरातच नखांच्या कडेला चिरा पडतात. झोळी भरत जाते तसं वजन पोटावर ओढ देतं. संध्याकाळी बांधावर काटा लटकवला जातो आणि एकेकीचं गाठोडं मोजलं जातं. मजुरी किलोवर. दिवसभर दव, ऊन आणि वाकलेली कंबर सोसून जे जमतं, त्याचा हिशेब शेतमालकाच्या वहीत एका ओळीत मावतो. ज्यांचं स्वतःचं शेत आहे त्यांच्या कामाला तेवढीही ओळ मिळत नाही. घरच्या रानात राबलेल्या दिवसाची मजुरी कुणी धरत नाही, आणि तिची तशी अपेक्षाही नसते.

आकडे थोडक्यात सांगतो, कारण ते बोलके आहेत. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी ७६.९ टक्के शेतीत आहेत. पुरुषांचं प्रमाण ४९.४ टक्के. पुरुष गवंडीकामाला, गाडीवर, पुण्या-मुंबईला, कंपनीत निघून गेले आणि शेती मागे राहिलेल्यांच्या अंगावर पडली. आता दुसरा आकडा. २०१५-१६च्या कृषी गणनेत वहिती खातेदारांत बायका होत्या १३.९६ टक्के, आणि त्यांच्याकडचं क्षेत्र होतं ११.७२ टक्के. म्हणजे शेत कसणारी आणि शेताच्या कागदावर असणारी माणसंच वेगळी आहेत. माझ्या मते आपल्या शेतीचा हा सर्वात मोठा अन्याय आहे. भाव, पाणी, वीज यांवर आपण मोर्चे काढले. या प्रश्नावर फार थोडे निघाले.

सातबाऱ्यावर नाव नसल्यानं काय अडतं, असं विचारणारे भेटतात. घर एकच, चूल एकच, मग कागद कुणाच्या नावावर आहे यानं काय फरक पडतो? फरक असा पडतो की आज गावात जे काही येतं ते सातबाऱ्याच्या मागून येतं. सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, ठिबकचं अनुदान, हमीभावाच्या खरेदीची नोंदणी, पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या 'नमो शेतकरी'चे ६,०००. २०२१पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. तिथेही नोंद खातेदाराच्या नावानंच. आता ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला. तोही आधार आणि सातबारा जोडूनच मिळतो, आणि राज्यानं तो योजनांसाठी सक्तीचा केला आहे. पूर्वी तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला गावातली कोण बाई कोणतं रान कसते हे निदान माहीत तरी असायचं. नव्या व्यवस्थेत त्या माहितीला जागाच नाही. क्रमांक नाही तर शेतकरी नाही.

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत हे पुरतं उघडं पडलं. बीड, धाराशिव, लातूर, सोलापूर, नांदेड या पट्ट्यात नद्या रानात शिरल्या. उभं सोयाबीन कुजलं, कितीतरी ठिकाणी माती खरडून खाली खडक राहिला. ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पिकाची आणि जमिनीची भरपाई खातेदाराच्या खात्यावर जाणार हे ठरलेलंच. पण ज्या बाईनं बटाईनं दोन एकर केलं होतं, तिचं बियाणं गेलं, खत गेलं, चार महिन्यांची मेहनत गेली, आणि भरपाई गेली जमिनीच्या मालकाकडे. जी भूमिहीन आहे तिचा तर त्या वर्षीचा कापूस वेचणीचा आणि सोयाबीन काढणीचा सगळा हंगामच पाण्यात गेला. तिच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा करायला कोणत्याही नमुन्यात रकाना नाही.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतूनही एक गोष्ट कळते. ती फारशी कुणी बोलून दाखवलेली नाही. या योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. मात्र जिला पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे मिळून महिन्याला हजार रुपये पडतात, तिला वरचे ५०० च द्यायचे असा नियम आहे. महिला व बालविकास खात्यानं दिलेल्या माहितीनुसार अशा बायका निघाल्या पावणेआठ लाखांच्या आसपास. तेव्हा योजनेच्या एकूण लाभार्थी होत्या जवळजवळ अडीच कोटी. पीएम-किसानचा लाभ कुटुंबात एकालाच मिळतो, त्यामुळे हा खातेदार बायकांचा पूर्ण आकडा नव्हे. तरीही बहीण म्हणून सरकारला सापडलेल्या बायका किती आणि शेतकरी म्हणून सापडलेल्या किती, हे अंतर त्यातून दिसतंच.

आता मजुरीचं. खुरपणीला बाईचा रोज आणि औषध मारायला किंवा खताची पोती वाहायला गड्याचा रोज यांत मराठवाड्यात आजही शे-दीडशेचं, कुठे त्याहून जास्त अंतर आहे. गावागणिक दर बदलतो, हंगामाच्या ऐन भरात बायकांचा रोजही चढतो, पण अंतर मिटत नाही. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीच झाला. शेतात ते तत्त्व लागू कसं पडत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. तिथे काम समान ठेवलंच जात नाही. खुरपं बाईचं, कोळपं गड्याचं. वेचणी बाईची, फवारा गड्याचा. कामं अशी वाटून ठेवली की दोघांची तुलना करायला जागाच उरत नाही, आणि बाईच्या वाटणीला आलेलं काम आपोआप 'हलकं' ठरतं. आठ तास पात धरून, उकिडवं बसून, पाय पुढे सरकवत खुरपणाऱ्या बाईच्या गुडघ्यांना विचारलं तर हलकं-जड ठरवण्याचा निकष वेगळा निघेल.

महाराष्ट्रानंच एकेकाळी याहून वेगळं करून दाखवलं होतं. १९७२च्या दुष्काळातून आपल्याकडे रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांच्या चिकाटीतून तिला आकार आला आणि पुढे तिचा कायदा झाला. रोहयोवर बाई-गडी असा दर नव्हता. जेवढी माती खणली, जेवढी खडी फोडली, तेवढे पैसे. लाखो बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा पुरुषाइतका दाम हातात घेतला तो तिथे. कामावरच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूदही त्यात होती. देशाच्या रोजगार हमी कायद्यानं २००५ साली बरंच काही उचललं ते इथूनच. त्यामुळे 'आपल्याकडे चालत नाही' हे म्हणणं मला पटत नाही. चाललं होतं, आणि दुष्काळात चाललं होतं.

दरम्यान एक बदल फारसा आवाज न करता होतो आहे. तणनाशक. सोयाबीनमध्ये ते आधीपासून होतंच. आता चोरून येणाऱ्या तणनाशक-सहनशील कापसाच्या बियाण्यामुळे कापसातही आलं. शेतकऱ्याच्या बाजूनं त्याचा हिशेब समजतो. खुरपणीला बाया वेळेवर मिळत नाहीत, मिळाल्या तर खर्च परवडत नाही. पण खुरपणी हा बायकांच्या हाती रोकड येण्याचा श्रावण-भाद्रपदातला एकमेव मार्ग होता. यंत्र असो की औषध, शेतात नवं काही आलं की आधी बायकांचं काम जातं, आणि ते यंत्र किंवा तो पंप हाताळायला शिकवलं जातं गड्याला. कृषी खात्याच्या प्रशिक्षणाच्या फोटोंत पुढच्या रांगेत कोण बसलेलं असतं, हे कुणीही पाहावं.

ऊसतोडीचा विषय या सगळ्याचं टोक आहे.

दिवाळी झाली की वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर ही माणसं मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. तिथे हिशेबाचं एकक आहे कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. हंगामाआधी मुकादमाकडून घ्यायची उचल कोयत्याला मिळते. ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते आणि तिच्यावर सही किंवा अंगठाही त्याचाच असतो. फेड मात्र दोघांनी करायची. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३वरून ३६६ रुपये झाला, संघटनांनी लढून मिळवला. पण तो पैसाही कोयत्याचाच. त्यात बाईचे किती, हा प्रश्न कुठल्याच करारात विचारलेला नाही.

तिचं काम काय असतं? पहाटे तीन-चारला उठून कोपीतल्या चुलीवर भाकरी. मग फड. तो तोडतो, तीही तोडते. पाचट काढणं, वाढं वेगळं करणं, मोळी बांधणं तिचं. डोकी सेंटर असेल तर ती मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून तोल सांभाळत गाडीत चढून टाकायची. असं दिवसभर. गाडी रात्री आली तर रात्रीही. फडात आडोसा नाही, संडास नाही, अंघोळीला पुरेसं पाणी नाही. पाळीच्या दिवसांत कापड बदलायचं कुठे? म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच कमी पितात. अंगावर पांढरं जाणं, जंतुसंसर्ग, कंबरदुखी हे सगळं नेहमीचंच होऊन बसतं. काम चुकलं तर खाडा, म्हणजे उलट दंड. दुखणं घेऊन झोपून राहणं परवडत नाही.

या पार्श्वभूमीवर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहातल्या एकीचं. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशातलं हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत सारखे नसतील, पण फरक एवढा मोठा आहे की वयोगटानं तो झाकला जात नाही. खासगी डॉक्टरांनी भीती घातली, कॅन्सर होईल म्हणाले, हे खरंच. पण बाईनं ते ऐकलं त्यामागे फडाचं गणित होतं. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे उचल फिटत नाही. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडूनच पैसे घ्यायचे आणि पुढच्या हंगामात ते फेडायचे. तिशी-पस्तिशीत गर्भाशय काढल्यावर हाडं ठिसूळ होतात, अंगात ताकद राहत नाही, आणि मोळी तेवढीच जड असते. या विषयावर लिहिताना माझा हात दर वेळी थबकतो. साखरेचा दर, इथेनॉलचं धोरण, कारखान्याची निवडणूक यांवर इतकं बोलणाऱ्या राज्यात हे शरीराचं मोल कुणाच्या ताळेबंदात धरलेलं नाही.

कर्जाच्या बाबतीत मात्र बाईचं नाव फार लवकर पुढे येतं. पीककर्जाला सातबारा लागतो, तो तिच्याकडे नाही. पण गटाचं फायनान्स उचलायला आधार कार्ड आणि शेजारच्या चार-पाच बायकांची हमी पुरते. व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. हप्ता आठवड्याचा किंवा महिन्याचा, कुणाच्या तरी ओसरीवर सगळ्यांसमोर भरायचा. तो पैसा बहुतेक घरांत बी-बियाण्याला, बोअरला, मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला जातो. म्हणजे शेतीसाठीचं महागडं कर्ज बाईच्या नावावर आणि शेती नवऱ्याच्या. कर्जमाफी जाहीर झाली की ती पीककर्जाची होते. हे फायनान्स तिच्या अंगावर तसंच राहतं.

सातबाऱ्यावर बाईचं नाव यावं ही मागणी महाराष्ट्रात नवी नाही, आणि ती शहरातून आलेलीही नाही. नोव्हेंबर १९८६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिला अधिवेशन भरलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ते बोलावलं होतं आणि लाखांच्या घरात बायका आल्या होत्या. डोक्यावर पदर, खांद्यावर भाकरीचं गाठोडं, अशा खेड्यापाड्यांतून. दारूबंदी, पंचायतीच्या निवडणुका असे ठराव झाले. पुढच्या काही वर्षांत 'लक्ष्मी मुक्ती'चा कार्यक्रम आला. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला काही भाग स्वखुशीनं बायकोच्या नावावर करायचा, आणि ज्या गावात शंभर जण असं करतील तिथे जोशी स्वतः जाणार. त्यांचा युक्तिवाद साधा होता. सरकारनं शेतकऱ्याला भाव नाकारून लुटलं म्हणून आपण लढतो, मग घरातल्या लक्ष्मीचं जे देणं आपण थकवलं आहे ते आधी फेडा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाचं नाव त्या काळी सर्वदूर गेलं. अभ्यासक गेल ऑम्व्हेट यांनी त्यावर लिहिलं. १९९२ साली महसूल खात्यानंही परिपत्रक काढून बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट करून दिली.

कौतुक आहेच. पण लक्ष्मी मुक्तीची एक मर्यादा तेव्हाही होती: ती नवऱ्याच्या मनावर सोडलेली होती. ज्यानं नाव लावलं तो मोठा, ज्यानं नाही लावलं त्याला विचारणारं कुणी नाही. आणि नाव लागलं तरी माल विकायला कोण जातं, बँकेचं कार्ड कुणाच्या खिशात असतं, हे प्रश्न उरतातच. तरीही मी नाव लागण्याच्या बाजूनं ठाम आहे. नवरा गेला, त्यानं दुसरं लग्न केलं, दिरानं बांध कोरला, या सगळ्या वेळी हाती काहीतरी असणं आणि काहीच नसणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जिच्या नावावर एक एकर आहे तिला घराबाहेर काढणं सोपं नसतं.

माहेरच्या जमिनीचं गणित याहून नाजूक आहे, आणि ते बोललंच पाहिजे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडलांच्या स्वतःच्या हिश्श्यात वाटा होता, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क नव्हता. महाराष्ट्रानं १९९४ साली स्वतःची दुरुस्ती करून अविवाहित मुलींना तो दिला. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं तो सगळ्या मुलींना मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही, हक्क जन्मानंच आहे. कायद्याचं काम इथवर पुरं झालं.

पण गावात वडील गेले की तेराव्याच्या आसपास भाऊ कागद तयार ठेवतो. हक्कसोडपत्र. भावाच्या नावे विनामोबदला हक्क सोडायचा, मुद्रांक नाममात्र. सगळ्या बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातात, फोटो काढतात, अंगठे देतात, भाऊ सगळ्यांना जेवू घालतो, कधी साडी घेतो. कुणी मारहाण करत नाही, आरडाओरडा होत नाही. त्यांना का सही केली असं विचारावं तर उत्तर ठरलेलं असतं: माहेर राहिलं पाहिजे. नवऱ्यानं हाकललं, आजारपण आलं, बाळंतपण आलं तर जायला एक दार हवं. हिस्सा मागितला की ते दार बंद होणार, भाऊबीजेचं ताट उचललं जाणार, भावजय तोंड फिरवणार. त्यामुळे बहीण जे करते ते भोळेपणानं करत नाही. ती नीट हिशेब करून करते. पण हिशेबात दुसरी बाजू रिकामी आहे, कारण सासरच्या जमिनीवरही तिचं नाव नसतं. एकीकडे हक्क सोडलेला, दुसरीकडे लागलेलाच नाही. या दोन्ही बाजूंच्या मध्ये ती उभी असते, आणि उभ्या उभ्या शेत कसत असते. भाऊबीजेला एखादा भाऊ ओवाळणीत बहिणीचा हिस्सा फेरफारावर घेऊन दाखवील तर त्या गावात पुढची वीस वर्षं त्याची चर्चा राहील.

नवरा गेल्यावर काय होतं, याची आपल्याकडे भरपूर उदाहरणं आहेत, कारण विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांनी हजारो बायका विधवा झाल्या. २००६पासून पात्र ठरलेल्या प्रकरणात कुटुंबाला एक लाख मिळतात: तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. पात्र ठरायला कर्ज दाखवावं लागतं, जमीन दाखवावी लागते. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली अकरा जिल्ह्यांतल्या ५०५ शेतकरी विधवांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के जणींच्या नावावर, ज्या जमिनीवर त्या राबत होत्या ती जमीन अजून झालेली नव्हती. राहतं घर नावावर असलेल्या होत्या ३५ टक्के. पेन्शनचा आपल्याला हक्क आहे हेच ३३ टक्के जणींना माहीत नव्हतं. याच मंचाच्या रेट्यातून पुढे सरकारनं या बायकांसाठी निर्णय काढला.

आणि शेतात राबणाऱ्या बाईनंच जीव दिला तर? जमीन तिच्या नावावर नाही, म्हणून शेतकरी आत्महत्येच्या मोजणीत तिला आणणंच अवघड. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे वर्षानुवर्षं लिहून दाखवलं आहे: तिची नोंद बहुधा 'गृहिणी' अशी होते. तिच्या मागे राहिलेल्या मुलांना शेतकरी कुटुंबाची मदत मिळत नाही.

२०२५च्या वसंतात महसूल खात्यानं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, गावोगाव, खर्च न घेता. सुरुवात बुलढाण्यातून झाली. मोहीम चांगलीच होती. पण वारस नोंदीच्या वेळी अर्ज कोण भरतो, नावं कोण सांगतं, आणि विधवा सुनेचं, लग्न झालेल्या लेकीचं नाव 'राहू द्या' म्हणून कोण गाळतं, यावर मोहिमेचं यश ठरतं. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत चावडीवर चिकटवलेल्या कागदावर निघून जाते, आणि चावडीवर बायका फारशा जात नाहीत.

काही ठिकाणी वेगळं घडलं आहे. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं बायकांना घरच्या जमिनीतलं अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयाखाली मागायला शिकवलं. तिथे काय पेरायचं ते ती ठरवणार: भाजीपाला, कडधान्यं, मिश्र पिकं, घरचं बी, शेणखत. नगदी पिकाच्या मागे धावणाऱ्या घरात तिनं आधी ताटाचा विचार केला. दुष्काळाच्या वर्षांत उसाचं आणि सोयाबीनचं रान कोरडं पडलेलं असताना अशा तुकड्यांनी घरं तगवली. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यात सर्वात मोलाचं वाटतं ते निर्णयाचं. मालकी मिळायला वर्षं जातात, पण एक एकर कसं पिकवायचं हे ठरवण्याचा अधिकार बाईनं घरातल्या घरात मागून घेतला. सासऱ्याशी, नवऱ्याशी वाद घालून घेतला. ज्या बाईनं एकदा स्वतःचं पीक स्वतः विकलं, ती पुढे सातबाऱ्याची गोष्ट काढतेच.

सुरुवातीला सांगितलेल्या श्रमबल सर्वेक्षणाच्या भाषेत घरकाम हे काम म्हणून धरलं जात नाही, म्हणून तेही इथे सांगतो. केंद्राच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं, ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. शेतातून दोघं एकाच वेळी परततात. तो ओट्यावर बसतो, ती चूल पेटवते. शेतीतल्या असमानतेची मुळं रानात जेवढी आहेत तेवढीच या चुलीपाशी आहेत. बाईला प्रशिक्षणाला, बाजाराला, ग्रामसभेला जायला वेळ कुठून यावा?

एम. एस. स्वामिनाथन राज्यसभेत खासदार असताना त्यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं. जमिनीची मालकी असो वा नसो, जी शेती करते ती शेतकरी, आणि तिला तसं प्रमाणपत्र ग्रामसभेच्या संमतीनं ग्रामपंचायतीनं द्यावं, ही त्यातली मध्यवर्ती तरतूद. त्या प्रमाणपत्रावर तिला कर्ज मिळावं, विमा मिळावा, पाण्यात वाटा मिळावा. विधेयक २०१३ साली व्यपगत झालं. स्वामिनाथन २०२३ साली गेले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. स्वामिनाथन यांच्या त्या विधेयकाचा कायदा मात्र अजून झालेला नाही.

हे प्रमाणपत्र महाराष्ट्रात द्यायचं ठरलं तर नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. आपल्या कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गावागावांत उमेद आणि माविमचे बचत गट आहेत. शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीत 'खातेदार' या रकान्याच्या शेजारी 'प्रत्यक्ष कसणारी व्यक्ती' असा एक रकाना घालायचा आणि त्याची खातरजमा महिला सभेवर सोपवायची. कोणत्या गटात कुणी खुरपलं, कुणी वेचलं, कुणाचं रान बटाईनं कोण करतं, कोण विधवा सून एकटीनं चार एकर ओढते आहे, हे त्या सभेत बसलेल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ असतं. तिथे खोटं नाव घुसवणं तलाठी कार्यालयापेक्षा अवघड जाईल, कारण पात धरताना आपल्या उजव्या-डाव्या बाजूला कोण होतं, हे त्या एकमेकींना माहीत आहे.